तुहुंगा वॉशची भिंत: बागेतल्या रंगमंचापासून अर्ध्या मैलाच्या चित्रापर्यंत

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत तुहुंगा वॉश नावाचा ओढा आहे. ओढा म्हणायचं ते जुन्या ओळखीनं. आता ती उभ्या भिंतींची काँक्रीटची नाली आहे. उन्हाळ्यात तळाशी पाण्याची जेमतेम एक रेघ असते आणि हिवाळी पावसात तिथूनच लोंढा धावतो. या नालीच्या एका भिंतीवर १३ फूट उंच आणि २,७५४ फूट लांब, म्हणजे सुमारे अर्ध्या मैलाचं चित्र आहे. कॅलिफोर्नियाचा इतिहास त्यात आदिम काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सलग रंगवलेला आहे. लोक त्याला 'ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस' म्हणतात. १९७६ ते १९८३ या काळातल्या पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक मुलामुलींनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी, चित्रकार आणि इतिहास-अभ्यासकांच्या सोबतीनं ते रंगवलं. त्यांच्या पुढे होती चित्रकार जुडिथ बाका.

या भिंतीबद्दल जिथे तिथे पहिल्यांदा सांगितली जाते ती तिची लांबी. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. त्याची सुरुवात महापालिकेच्या उद्यान व मनोरंजन विभागातल्या एका साध्या नोकरीतून झाली. सार्वजनिक मनोरंजन केंद्रात, बागेत, समाजमंदिरात 'सगळ्यांनी मिळून एक चित्र करू या' असं ठरतं, तेव्हा पुढे जे जे अडतं ते सगळं इथे अडलेलं दिसतं. परवानगी अडते, जागेवरचा हक्क अडतो, विषय अडतो, आणि मुख्य म्हणजे कोणी काय ठरवायचं हे अडतं. या शेवटच्या प्रश्नाचं बाकांनी शोधलेलं उत्तर मला आजही सगळ्यात उपयोगाचं वाटतं. ते त्यांना पहिल्या फटक्यात सापडलं नाही, म्हणून त्याची किंमत जास्त.

रंगमंचाच्या तीन भिंती

जुडिथ बाकांचा जन्म १९४६ चा, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला. आजीच्या हाताखाली वाढल्या, पुढे पकोइमात राहायला गेल्या, १९६९ मध्ये कलाशाखेची पदवी घेतली. १९७० मध्ये महापालिकेच्या उद्यान व मनोरंजन विभागाने त्यांना पूर्व लॉस एंजेलिसच्या बागांमध्ये चित्रकला शिकवायला नेमलं. वर्ग लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी होते. मधल्या वयाच्या पोरांसाठी काहीच नव्हतं आणि बागेत दिवसभर ठिय्या देऊन बसलेली असायची ती नेमकी हीच पोरं.

ती वेगवेगळ्या टोळ्यांची होती. कोणती बाग कोणाची, कुठल्या गल्लीपलीकडे जायचं नाही, हे सगळं भिंतींवरच्या खरडण्यात लिहिलेलं असायचं आणि ज्याला वाचता येई त्याला ते नकाशासारखं वाचता येई. बाकांनी ते वाचलं. भिंतीवर काही उमटवण्याची भूक या पोरांना आधीपासूनच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. बहुतेक मनोरंजन केंद्रं अशा भिंतींवर आधी चुना फासतात आणि मग चित्रकलेचा वर्ग काढतात. बाकांनी जी पोरं भिंती रंगवत होती त्यांनाच हाताशी धरलं, आणि पुढचं सगळं त्या एका निर्णयातून उगवलं.

चार वेगवेगळ्या टोळ्यांमधली वीस जणं गोळा झाली. गटाचं नाव ठरलं 'लास विस्तास नुएव्हास', स्पॅनिशमध्ये 'नवी दृश्यं'. जागा होती बॉइल हाइट्समधल्या हॉलनबेक पार्कातला उघडा रंगमंच. त्याच्या तीन भिंतींवर मिळून एकच चित्र काढायचं होतं: मिठीत घ्यायला हात पसरून बसलेली आजी. नाव 'मि आब्वेलिता', माझी आजी.

विषयाची ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. चार टोळ्यांच्या पोरांना एकत्र बसवून त्यांनी शहराचा, गल्लीचा, शौर्याचा किंवा अभिमानाचा विषय घेतला असता, तर पहिल्याच दिवशी 'कोणाची गल्ली?' हा प्रश्न उभा राहिला असता. आजीवर कुठल्याच टोळीचा दावा नव्हता आणि आजी सगळ्यांच्याच घरी होती. मेक्सिकन कुटुंबात तिचं स्थान काय, हे कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. पसरलेले हात तिन्ही भिंतींवर जात होते. त्यामुळे चित्राचा कुठलाच भाग एकट्याचा होऊ शकत नव्हता. समाईक विषय म्हणून पुष्कळदा काहीतरी गुळगुळीत निवडलं जातं, कबुतर, इंद्रधनुष्य, एकमेकांत गुंफलेले हात. त्यावर भांडण होत नाही हे खरं, पण त्यासाठी कोणी रात्रीचं जागतही नाही. आजीसाठी पोरं जागली.

काम सुरू असताना टेहळणीला माणसं ठेवावी लागत. शत्रू टोळीचं कोणी येताना दिसलं की इशारा, पोलीस येताना दिसले तरी इशारा. प्रतिस्पर्धी टोळ्यांची पोरं एका जागी जमलेली पोलिसांना पसंत नव्हती. त्यात बाकांनी रीतसर परवानगीही घेतलेली नव्हती. तक्रारी गेल्या, तेव्हा महापालिकेचा एक वरिष्ठ अधिकारी पाहायला आला. एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं एकाच परांचीवर शांतपणे रंग लावताना त्यानं पाहिली, आणि परवानगी दिली. चित्र पुरं झाल्यावर वस्तीतल्या बायाबापड्या आजीच्या पायाशी फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला लागल्या. पुढची कित्येक वर्षं त्या ठेवत राहिल्या.

परवानगीच्या या गोष्टीतून 'आधी करून टाका, नंतर पाहू' असा धडा काही जण काढतात. मला तो पटत नाही. तो अधिकारी जरा वेगळ्या स्वभावाचा असता तर भिंत आठवड्यात पांढरी झाली असती आणि वीस पोरांना पुन्हा एकदा कळलं असतं की या शहरात त्यांचं काही टिकत नाही. जिच्यावर इतक्यांचा जीव जडणार आहे त्या गोष्टीबाबत असा जुगार खेळू नये. बाकांनीही पुढे तो खेळला नाही.

पांढरा रंग

लॉस एंजेलिसला भिंती पांढऱ्या करण्याची जुनी सवय होती. मेक्सिकन भित्तिचित्रकार दाव्हिद आल्फारो सिकेरोस यांनी १९३२ मध्ये ओल्व्हेरा स्ट्रीटवर 'अमेरिका ट्रॉपिकल' हे चित्र काढलं. त्यात क्रूसावर बांधलेला मूळ रहिवासी आणि त्याच्या वर गरुड होता. काही वर्षांतच चित्रावर चुना फिरवला गेला. ते पुन्हा लोकांना पाहता यायला २०१२ साल उजाडलं.

हॉलनबेकच्या यशानंतर बाकांवर शहरभरच्या भित्तिचित्रांचा कार्यक्रम सोपवला गेला. वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये, तिथल्या लोकांनी ठरवलेल्या विषयांवर भिंती रंगू लागल्या. लोकांनी खरोखर विषय ठरवले की त्यांत पोलिसांशी झालेल्या झटापटी येतात, घरं पाडल्याच्या गोष्टी येतात. महापालिकेने काही विषयांना हरकत घेतली. पैसा महापालिकेचा, भिंत महापालिकेची, तर नकाराचा हक्कही तिचाच, हे त्या व्यवस्थेत उघड होतं. बाकांनी १९७६ मध्ये क्रिस्टिना श्लेसिंजर आणि डोना डाइच यांच्यासोबत स्वतंत्र संस्था काढली: 'सोशल अँड पब्लिक आर्ट रिसोर्स सेंटर', थोडक्यात 'स्पार्क'. तिचं बिऱ्हाड व्हेनिस भागातल्या जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. केंद्र चालवणारी संस्था आणि चित्र करणारी संस्था एकच असेल, तर मुलांनी निवडलेला विषय नाकारण्याची वेळ आली की नकार देणारा आणि मुलांची बाजू मांडणारा माणूस एकच होतो. त्या जागी कितीही भला माणूस बसवला तरी ते ओझं त्याला झेपत नाही. मधे तिसरी, स्वतंत्र संस्था असली की निदान वाद समोरासमोर होतो.

१९७६: हजार फूट

१९३८ च्या मोठ्या पुरानंतर लॉस एंजेलिसची नदी आणि तिचे ओढे काँक्रीटमध्ये बांधून काढायचा सपाटा लष्कराच्या अभियंता दलाने लावला होता. पूर आटोक्यात आले आणि वस्त्यांच्या मधून मैलोन्‌मैल राखाडी चर उरले. १९७४ मध्ये याच अभियंता दलाने बाकांशी संपर्क साधला. तुहुंगा वॉशच्या काठावर छोटी बाग आणि सायकलींची वाट करायची होती आणि त्या सुशोभीकरणात भित्तिचित्र हवं होतं. बाकांनी त्या भिंतीला पुढे नदीच्या जागी उरलेला व्रण म्हटलं आणि चित्राला त्या व्रणावरचं गोंदण. पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांच्या अंगावरची गोंदणं ज्यांनी जवळून पाहिली होती त्यांनाच ही उपमा सुचावी.

पहिल्या उन्हाळ्यात ८० मुलं आली, त्यांतली पुष्कळशी बालगुन्हेगारी न्यायव्यवस्थेने पाठवलेली. सोबत दहा चित्रकार आणि पाच इतिहास-अभ्यासक. एवढ्या फौजेनं सुमारे १,००० फूट भिंत रंगवली. काम उन्हाळ्यातच करायचं, कारण हिवाळ्यात नालीला पाणी असतं. आणि उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तापलेलं काँक्रीट, वर व्हॅलीचं ऊन. भिंतीच्या पायथ्याशी दिवसभर उभं राहून रंग लावणं म्हणजे काय, ते ज्याला भट्टीजवळ काम करावं लागलं आहे त्यालाच कळेल.

हजार फूट हा आकडा थक्क करणारा आहे, पण पाहायला गेलं तर त्या हजार फुटांतच अडचण दिसते. भिंत तुकड्यांत वाटलेली होती आणि तुकड्यागणिक चित्रकार वेगळा. प्रत्येकाची रेघ वेगळी, माणसांची उंची वेगळी, रंगांची जात वेगळी. एकेक तुकडा पाहिला तर सुंदर, पण चालत पुढे जाणाऱ्याला मधेमधे ठेच लागते. कामाची वाटणी न्याय्य होती, त्यातून सलग चित्र मात्र झालं नाही.

सामूहिक कलेची ही सगळ्यात ओळखीची पायरी. केंद्रात प्रत्येक मुलाला एकेक फरशी द्यायची, प्रत्येकानं आपल्या मनासारखं रंगवायचं, सगळ्या फरशा भिंतीवर लावायच्या. कोणी नाराज होत नाही, प्रत्येकाला आपली फरशी सापडते, आईबाप तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. पण दोन वर्षांनी त्या भिंतीजवळून जाणाऱ्या तिऱ्हाईताला तिथे थांबावंसं वाटत नाही, कारण त्या भिंतीला तिचं स्वतःचं म्हणणं नसतं. मुलांना ज्या गोष्टीचा खरा अभिमान वाटावा ती तिऱ्हाईताला थांबवणारी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चौकोनांची आखणी

१९७७ मध्ये बाका मेक्सिकोत, क्वेर्नाव्हाकाला गेल्या. तिथे सिकेरोस यांच्या कार्यशाळेत त्यांनी मोठ्या भित्तिचित्रांचं तंत्र शिकून घेतलं. सिकेरोस १९७४ मध्ये वारले होते, पण त्यांच्या सोबत काम केलेली माणसं तिथे होती. भिंत एका जागी उभं राहून पाहिली जात नाही, माणूस तिच्यासमोरून चालतो, म्हणून रेषांची मांडणी चालणाऱ्या डोळ्यासाठी करायची, हा तिथल्या विचाराचा गाभा. अर्ध्या मैलाच्या नालीला याहून योग्य शिकवण मिळाली नसती.

१९७८ च्या उन्हाळ्यापासून व्यवस्था बदलली. भिंतीची एकूण रचना एकाच्या हातात आली, बाकांच्या. एक प्रसंग दुसऱ्यात वाहत जाऊ लागला. एका दृश्यातला रस्ता पुढच्या दृश्यात नदी होतो, रुळांची रेघ माणसांच्या रांगेत मिसळते. आणि नेमकं याच वेळी मुलांचा सहभाग कमी होण्याऐवजी खोल गेला. तो कसा, हेच या प्रकरणाचं मर्म.

कामाचे टप्पे पाहिले की ते उलगडतं. आधी अभ्यास. इतिहासकार येत, ज्यांनी तो काळ स्वतः भोगला होता अशी म्हातारी माणसं येऊन बोलत, मुलं ऐकत, प्रश्न विचारत. मग काय घ्यायचं, काय सोडायचं यावर चर्चा. मग कच्ची चित्रं, आणि त्यांतून बाकांनी बांधलेली एकसंध रचना. ती रचना मोजमापाने चौकोनांत आखायची. भिंत खरवडून स्वच्छ करायची, ओल अडवणारा थर द्यायचा, पांढरं अस्तर द्यायचं, आणि त्यावर तेच चौकोन मोठ्या मापात पाडायचे.

चौकोनांची ही युक्ती फार जुनी आहे. तिचं महत्त्व मात्र चित्रकारांनाही कधीकधी पुरतं उमगत नाही. ज्या मुलीला माणसाचा चेहरा काढता येत नाही तिलाही एका चौकोनात एक वाकडी रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे पाहून ती अचूक उतरवता येते. तिची रेघ शेजारच्या मुलाच्या चौकोनातल्या रेघेला जाऊन भेटलीच पाहिजे, म्हणून दोघांना बोलावंच लागतं. दोघं वेगवेगळ्या टोळ्यांचे असले तरी. संध्याकाळी नालीपलीकडच्या काठावर जाऊन पाहिलं की तिथे चेहरा उमटलेला असतो. आपण काढू शकणार नाही असं वाटत होतं ते आपण काढलं, हा अनुभव 'मनाला येईल ते रंगव' म्हटल्यानं येत नाही.

मुलांच्या हाती ठरवण्याचा अधिकार राहिला तो 'काय सांगायचं' याचा. 'कसं दिसायचं' याचा शेवटचा शब्द एका जाणत्या हाताकडे गेला. काही समाजकार्यकर्त्यांना हे अपुरी लोकशाही वाटतं. मला उलट वाटतं. रंगसंगती मतदानानं ठरवणं आणि विषय वरून लादणं ही खरी फसवणूक आहे, आणि ती आपण सर्रास पाहतो. तिथे मुलांना ब्रश मिळतो, पण बोलायचं काय ते कोणी दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं.

वेग मात्र उतरला. पहिल्या एका उन्हाळ्यात हजार फूट झाले होते, उरलेल्या साडेसतराशे फुटांना १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ असे चार उन्हाळे लागले. म्हणजे दर उन्हाळ्यात निम्म्याहूनही कमी. ज्यांना अहवालात फूट मोजायचे असतात त्यांना ही घसरण वाटेल. दोन्ही भाग शेजारीशेजारी पाहिले की दर्जातली उडी लगेच दिसते.

कोणाचा इतिहास

भिंतीवर काय आलं ते पाहिलं तर चर्चा किती खऱ्या होत असाव्यात याचा अंदाज येतो. चुमाश या इथल्या मूळ रहिवाशांची सृष्टीकथा आहे. रेल्वेसाठी राबलेले चिनी मजूर आहेत, आणि १८७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झालेलं चिन्यांचं हत्याकांडही आहे. १९३० च्या दशकात गाड्यांत भरून मेक्सिकोला धाडलेली कुटुंबं आहेत, त्यांतले कित्येक अमेरिकेचे नागरिक होते. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन आहेत. युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या आणि युद्ध संपताच घरी पाठवलेल्या बायका आहेत. चावेझ रविन ही मेक्सिकन वस्ती उठवून जिथे पुढे बेसबॉलचं मैदान झालं, ते मैदान आकाशातून उतरणाऱ्या तबकडीसारखं काढलेलं आहे. त्याच्याखाली महामार्गांचे खांब आणि पट्टे एकाच कुटुंबातल्या माणसांना एकमेकांपासून तोडत जातात.

१९७० मध्ये भांडण टाळणारा विषय निवडला होता, इथे भांडणाचेच विषय घेतले. ही उडी थेट मारली असती तर पडली असती. आधी सगळ्यांची आजी, मग प्रत्येकाच्या आजीनं सोसलेलं, असा तो प्रवास आहे. एका वंशाच्या मुलानं दुसऱ्या वंशाच्या माणसांची फरफट चार-सहा आठवडे उन्हात उभं राहून रंगवायची, त्यांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या नीट पडल्या आहेत का ते पाहायचं, याला शाळेतल्या धड्याची सर येणार नाही.

पैशाच्या बाजूनं एक अवघड गोष्ट होती आणि ती दडवू नये. न्यायव्यवस्थेने मुलं पाठवली म्हणजे प्रकल्पाकडे 'सुधारणेचा कार्यक्रम' म्हणून पाहिलं जाणार. मग यश मोजायचं ते कितीजण पुन्हा पकडले गेले नाहीत यावर. बाकांनी चित्राचा दर्जा कधी खाली येऊ दिला नाही, यातच मला त्यांचा मुलांबद्दलचा सगळ्यात मोठा आदर दिसतो. या मुलांना एवढंच जमेल, असं त्यांनी धरलं नाही.

ऊन, पाणी आणि परतलेली माणसं

काँक्रीटवरचं चित्र हे रोज झिजणारं असतं. भिंतीच्या मागून ओल येते, तिच्यासोबत क्षार येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. समोरून ऊन रंग खातं, खालून लोंढा घासून जातो. तीस वर्षांत ग्रेट वॉल फिकी पडली, जागोजागी सोलली. मोठा निधी जमवून ती दुरुस्त केली गेली आणि २०११ मध्ये पुन्हा लोकार्पण झालं. मूळ कामावरची काही मुलं, आता मध्यमवयीन झालेली, या दुरुस्तीला परतली. आपल्याकडून चौकोन भरून घेणाऱ्या बाईंच्या हाताखाली तेच चौकोन पुन्हा भरायला.

कुठल्याही केंद्रानं भित्तिचित्राचा खर्च काढताना पहिल्या दिवशीच देखभालीचा वेगळा पैसा बाजूला ठेवावा, हे मी आग्रहानं सांगेन. सोललेलं चित्र कोऱ्या भिंतीहून वाईट. ज्या मुलांनी ते काढलं तीच मुलं रोज त्याच्यासमोरून जातात.

२०१७ मध्ये ही भिंत अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आली. २०२१ मध्ये मेलन फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेने ५० लाख डॉलर दिले, ते १९६० च्या दशकापासून पुढचा इतिहास जोडून भिंत वाढवायला. २०२३ मध्ये बाकांना राष्ट्रीय कला पदक मिळालं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या काउंटी कलासंग्रहालयाने आपलं एक दालन त्यांच्या चमूला मोकळं करून दिलं आणि नवे भाग तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत रंगवले जाऊ लागले. आता रंग आधी कापडावर चढतो आणि कापड नंतर भिंतीवर जातं. काम सावलीत होतं, रंग जास्त टिकतो, चूक दुरुस्त करता येते.

तंत्र म्हणून हे सगळं बरोबरच आहे. सत्तरी ओलांडलेल्या चित्रकाराला नालीत उभं करायचं कोणाच्या मनातही येऊ नये. तरी त्या दालनातली छायाचित्रं पाहताना मी दरवेळी रंगवणाऱ्यांचे चेहरे शोधतो. बहुतेक जण तयार चित्रकार दिसतात. १९७६ च्या ८० पोरांतली पुष्कळशी यायची ती न्यायालयाच्या दारातून. आजची तशी पोरं या नव्या भागांच्या चर्चेत कुठे बसली आहेत, त्यांच्या वाट्याला कोणते चौकोन आले आहेत, हे मला पाहायचं आहे.